बंद करण्याचं कारण

राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटला दारावरची घंटी नव्हती. बिल्डरनं बसवून दिली होती, पण राहायला आल्यावर आठवड्याभरातच अण्णांनी ती काढली आणि तिथे दोन वायरी गुंडाळून वर चिकटपट्टी लावली. येणारे-जाणारे कडी वाजवत. गॅसवाला तर हातातल्या पान्यानंच दार बडवायचा आणि आई आतून ओरडायची, "आलो की रं, दार मोडतोस व्हय?" बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेलं की सगळे दारातली घंटा वाजवून आत जात, अण्णा मान जराशी वाकवून तिच्याखालून निघून जायचे. मला वाटायचं, माणूस जन्मभर कारखान्याच्या गोंगाटात राहिला, आता त्याला आवाज नकोसा झाला असेल. मैत्रिणींनाही मी तसंच सांगत असे. आपल्या बापाविषयी आपण काय काय धरून चालतो, याची आज लाज वाटते.

अण्णा साखर कारखान्यात मिलवर शिफ्ट इनचार्ज होते. कारखान्याचं नाव लिहीत नाही. आमच्या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही, आणि ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांतली काही माणसं अजून आहेत. माझी सातवी होईपर्यंत आम्ही कारखान्याच्या कॉलनीत होतो. हंगाम सुरू झाला की मळीचा वास कपड्यांना, केसांना, आईच्या भाकरीलासुद्धा लागायचा. मिल थांबली तर कॉलनीतल्या बायकांना ते लगेच कळे, कारण फडताळातली भांडी थरथरायची थांबत. मग अण्णा घरी आले की हातपाय धुता धुता थांबण्याचं कारण सांगत: पट्टा तुटला, ऊस आत ओढून नेणाऱ्या गव्हाणीत मोळी अडकली, बॉयलरला वाफ कमी पडली. मिलवर एक जाड रजिस्टर असायचं. मिल पाच मिनिटं थांबली तरी त्यात वेळ, कारण आणि अण्णांची सही. "कारणाबगार काय बंद पडत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि मी अभ्यास बंद करून खेळायला निघाले की ते मलाही ऐकवलं जाई. पुढे निवृत्तीला आठ वर्षं असताना त्यांनी नोकरी सोडली आणि आम्ही कोल्हापुरात आलो. का सोडली, हे आमच्यात कुणी काढत नसे. बोलायला बाकीचं पुष्कळ होतं.

बारावीनंतर मी बी.कॉम.ला नाव घातलं आणि राजारामपुरीतल्याच एका क्लासला नेटवर्किंगचा कोर्स लावला. तेव्हा गल्लोगल्ली असले क्लास निघाले होते. कोर्स झाला की पुणं नाहीतर बंगळूर, असं आमचे सर छातीठोक सांगत. सरावाला म्हणून अण्णांनी घरी कॉम्प्युटर जुळवून घेतला. जुळवणाऱ्यानं त्यात नेहमीची घरगुती सिस्टीम घातली होती. चौथ्याच दिवशी मी ती पुसली आणि क्लासमधून आणलेली सर्व्हरची टाकली. म्हणजे बँकेत, कंपनीत शंभर-दोनशे कॉम्प्युटरांचा कारभार बघते ती. आमची परीक्षा तिच्यावर होती हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे मला मिरवायचं होतं. मैत्रिणींच्या घरी साधी, माझ्याकडे सर्व्हरची. आमच्या कॉम्प्युटरला ती झेपत नव्हती. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायची की तेवढ्यात आईच्या दोन भाकऱ्या भाजून व्हायच्या. तीन बटणं एकदम दाबून लांबलचक पासवर्ड दिल्याशिवाय आत घ्यायची नाही. गेम चालत नव्हते आणि गाणी वाजत नव्हती, कारण सर्व्हरला गाण्यांचं काय काम, म्हणून तिनं आवाज मुळातच बंद ठेवलेला. जुळवणारा एकदा पंखा बदलायला आला आणि पडदा बघून हसायला लागला. "पावणं, दोन खोल्यांत कारखाना घातलाय की तुमी. आन् आवाज कुठं हाय हेचा?"

"न्हाय ते बरं हाय," अण्णा म्हणाले. आवाज चालू करायची युक्ती सरांनी मला पुढे सांगितली होती. अण्णांनी ती करू दिली नाही.

त्या सिस्टीमची आणखी एक खोड होती. बंद करायला गेलं की ती कारण विचारायची. साधा कॉम्प्युटर मुकाट्यानं बंद होतो. सर्व्हर बंद झाला तर शंभर माणसं हातावर हात ठेवून बसतात, म्हणून तिथे जबाब द्यावा लागतो. यादीतून प्रकार निवडायचा आणि खालच्या चौकटीत चार शब्द लिहायचे, मग सुटका. वीज गेली आणि मशीन आपोआप बंद पडलं, तर पुन्हा चालू केल्याबरोबर पहिला प्रश्न तोच: अचानक का बंद पडलं? क्लासमध्ये आम्ही सगळे त्या चौकटीत एक टिंब देऊन मोकळे होत असू. घरीही मी तेच करायचे. एकदा अण्णा मागे उभे होते.

"काय इचारतंय ते?"

"का बंद करताय म्हणून विचारतंय."

"मग टिंब कशाला दिलंस?"

"कोण वाचतंय अण्णा? चौकट मिटली की गेलं."

"वाचू दे न्हायतर न वाचू दे. कारण इचारलं तर कारण लिव्हायचं," ते म्हणाले, आणि मला उठवून खुर्चीत बसले.

त्या दिवसापासून कॉम्प्युटर उघडायचा मी आणि बंद करायचा अण्णांनी, असं ठरूनच गेलं. आमच्याकडे संध्याकाळचं जेवण दिवस बुडायच्या आत व्हायचं. आई घाई करायची, ताटं वाढून हाका मारायची. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, म्हणून मेथीला नुसतं शेंगदाण्याचं कूट, आणि सोबत दह्यातली मिरची. जेवून अण्णा बस्तीच्या कमिटीची दोन-चार पत्रं एका बोटानं टाइप करायचे. ते भारनियमनाचे दिवस होते. कधी त्यांना नीट बंद करायला मिळायचं, कधी मधेच वीज जायची आणि अण्णा अंधारात तसेच बसून राहायचे. वीज आली की मशीन चालू करायचे, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचे आणि मगच उठायचे. बोट एकेका अक्षरावर जाऊन थांबायचं. मला हसू यायचं. शिफ्ट संपवून आल्यासारखे दिसतात, असं मी आईला म्हटल्याचं आठवतं.

पावसाळ्यात सरांनी आम्हाला नोंदींचा धडा शिकवला. सर्व्हर काही विसरत नाही, कोण कधी आलं, काय बिघडलं, कोणी काय कारण देऊन बंद केलं, सगळं तो वेळेसकट लिहून ठेवतो, आणि ते कुठे बघायचं ते त्यांनी दाखवलं. चौकटीतली टिंबंसुद्धा ओळीनं दिसली, वर्ग हसला. घरी येऊन मी आमच्या मशीनवर तीच यादी उघडली. अण्णा बस्तीत गेले होते. त्यांची कारणं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत होती आणि पहिली पन्नास-साठ वाचताना मी खुदुखुदु हसत होते. जेवण. पोरीची परीक्षा. उकाडा फार, मशीन तापलं. पाहुणे आले, इचलकरंजीचे. वीज अचानक गेल्याची कारणं वेगळी होती. तिथे आधी सगळीकडे नुसतं 'लाईट गेली' होतं. मग एके ठिकाणी 'लाईट गेली. यात माझा दोष नाही.' दुसऱ्या दिवशीचं, त्याच वेळेचं: 'तेव्हा होता.'

मी हसायची थांबले. पुढच्या नोंदी चार-पाच दिवसांच्या अंतरानं होत्या आणि प्रत्येक वेळी वाक्य एखाद-दुसरंच. लाईट गेली. चालू करायच्या आधी घंटी द्यायला पाहिजे होती. लाईट गेली. दत्तू आपल्या मनानं उतरला नव्हता, मी पाठवला. लाईट गेली. गाळप मागं पडलं होतं, साहेब ओरडत होते, मी म्हणालो चालू करा, घंटीला थांबू नका. लाईट गेली. रजिस्टरात मी खोटं लिहिलं. विनापरवाना उतरला असं लिहिलं. सही माझी आहे. मी ती खिडकी बंद केली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं, दत्तू कोण?

आई पीठ मळत होती. तिचे हात थांबले. "तुला कुणी सांगिटलं?"

"असंच. क्लासला कुणीतरी म्हणालं."

"गव्हाणीत गेला त्यो. ऊस अडकला हुता, काढाय उतरला. इचारलंबी न्हाय कुणाला. वरनं मशीन चालू झालं." ती पुन्हा मळायला लागली, जरा जोरानंच. "तवापास्नं तुझ्या बापानं घंटीचा आवाज ऐकला की तोंडातला घास खाली जात न्हाय. देवमाणूस हाय म्हणून मनाला लावून घेतलं, न्हायतर त्येंचा काय संबंध? आन् त्येंच्यासमोर ह्ये काढायचं न्हाय, सांगून ठेवतो."

आईला माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी तिला सांगितलं नाही. तेव्हा मला वाटलं की हे शहाणपण आहे. अण्णांना माझ्याशी काही बोलायचं नव्हतं. त्यांनी ते मशीनला सांगितलं, कारण मशीननं विचारलं आणि मी म्हणाले होते की कोण वाचतंय. मी ते चोरून वाचलं. पुढचे कितीतरी दिवस ते घराबाहेर पडले की मी नवी नोंद बघायची, आणि भाकरी वाढताना त्यांच्या तोंडाकडे बघायची नाही.

भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वाचे दहा दिवस संपले. क्षमावणीला आमच्यात लहानथोर सगळे एकमेकांना हात जोडून वर्षभरातल्या चुकांची माफी मागतात. शेजारच्या जिन्यावर भेटलेल्याचीसुद्धा मागतात, ज्याच्याशी वर्षात चार शब्द झालेले नसतात. त्या दिवशी दुपारी अण्णा धुतलेला सदरा घालून म्हणाले, "पद्मा, चल. जरा एके ठिकाणी जाऊन यायचं हाय." स्कूटरवरून तासभर गेलो. दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि वाऱ्यानं पाती एकमेकांवर घासत होती. कारखान्याची चिमणी दिसायला लागली तसं मला कळलं आपण कुठे निघालोय. मला भीती वाटली आणि त्याबरोबर आनंदही झाला. मला वाटलं, आता सुटणार हा माणूस.

हौसाबाई दारातच शेंगा तोडत बसली होती. दत्तूची बायको. चाळिशीची असेल, पण दंड वाळलेले, आणि दुसऱ्याच्या रानात राबून पायांना भेगा. अण्णांना बघून ती गडबडीनं उठली, पदर डोक्यावर ओढला, आतून पोतं आणून अंथरलं. "या सायेब. लई वर्सांनी वाट सापडली." आत एक मुलगी होती, माझ्याच वयाची. तिनं चहा ठेवला. भिंतीवर दत्तूचा फोटो होता, कॉलर वर केलेला, हसरा. मी तो फोटो बघितला नसता तर बरं झालं असतं.

अण्णांनी चहा खाली ठेवला आणि हात जोडले. "हौसाबाई, आमच्यात आज माफी मागायचा दिस असतोय. माझं जाणता-अजाणता कायबी चुकलं असंल तर पोटात घाला."

"आवो, तुमी कशापायी हात जोडताय?" ती कावरीबावरी झाली. "तुमी काय केलंसा? आमचंच मानूस उफराट्या काळजाचं. कुणी सांगिटलं नसताना उतरला. हापिसात समदं वाचून दावलं मला, अंगठा दिला की मी." मग फोटोकडे न बघता म्हणाली, "लई शिव्या दिल्या मी त्येला सायेब. मेल्या मानसाला. वरीसभर हार घातला न्हाय."

मी अण्णांकडे बघत होते. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. तोंड उघडलं होतं, आणि मला वाटलं, आता. पण हौसाबाई थांबली नाही. तिला साहेब दारात आलेले पुन्हा कधी सापडणार होते? "एक इचारू काय? ही रंजी, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास हाय. वारसाला हापिसात घेत्यात म्हनं. दोनदा गेलतो. म्हनत्यात, जो सवताच्या चुकीनं गेला त्येच्या वारसाला बसत न्हाय. तुमी एक शबुद टाकला तर..."

रंजना दाराच्या चौकटीला धरून उभी होती. अण्णा म्हणाले, "बघतो."

परतताना त्यांनी अर्ध्या वाटेत एका उसाच्या बांधाला स्कूटर थांबवली. उतरले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला. "बोलायचं हुतं एक तिच्यासंगं," ते म्हणाले. "ऱ्हायलं." ते माझ्याकडे बघत होते. मी विचारावं म्हणून बघत होते, हे मला तेव्हाही कळलं होतं. काय बोलायचं होतं अण्णा, एवढे चार शब्द मला पुरले असते. मी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "दिवस बुडायला आलाय. आई जेवायची थांबली असेल." त्यांनी मान हलवली आणि स्कूटरला किक मारली. दुसऱ्या दिवशी मी यादी उघडली तर आदल्या संध्याकाळच्या नोंदीत 'लाईट गेली' एवढंही नव्हतं. नुसतं 'सांगता आलं नाही.'

मी नोंदी छापून घ्यायचं ठरवलं. क्लासमध्ये प्रिंटर होता. सगळं मिळून दोन पानं झाली असती, तारीख-वेळेसकट, माझ्या बापाच्या शब्दांत. ती हौसाबाईच्या हातात दिली असती तरी तिला वाचता आली नसती, पण रंजनाला आली असती. रंजना ती घेऊन कामगारांच्या कचेरीत गेली असती. पुढे काय झालं असतं याचा विचार मी रोज करायची आणि रोज उद्यावर ढकलायची. अण्णांना पोलीस नेतील काय, पेन्शन थांबेल काय, बस्तीत लोक काय म्हणतील. असे आठ-दहा दिवस गेले आणि कारखान्याच्या त्याच साहेबांचा फोन आला. कारखान्यात कॉम्प्युटर विभाग निघतोय, तुमच्या पोरीनं कोर्स केलाय म्हणं, अर्ज द्या. आईनं त्या संध्याकाळी शेवयाची खीर केली. अण्णांनी वाटी सरकवून ठेवली. "जायाचं का न्हाय ते तुझं तू ठरीव," ते म्हणाले. साहेब ही कशाची फेड करत होते, रजिस्टरातल्या कोणत्या ओळीनं तेही वाचले होते, ते अण्णांना कळत होतं, मलाही कळत होतं, आणि आम्ही दोघांनी आईच्या आनंदाचं पांघरूण घालून ते झाकून टाकलं.

मी अर्ज दिला. परिस्थिती, वय, बापाची काळजी, ही सगळी कारणं मी नंतर पुष्कळ जणांना सांगितली आहेत. खरं असं की मला नोकरी पाहिजे होती. त्या विभागात मी अकरा वर्षं काम केलं. दोन वेळा मला फाटकाबाहेर रंजना दिसल्यासारखी वाटली आणि दोन्ही वेळा मी दुसऱ्या बाजूनं गेले.

अर्ज दिला त्याच दुपारी मी घरच्या मशीनसमोर बसले. सगळी डिस्कच पुसायची होती, तरी भीतीपोटी आधी ती यादी वेगळी पुसायला घेतली. तर मशीननं विचारलं, पुसण्याआधी जतन करायचं का? किती वेळ बसले होते सांगता येत नाही. स्वयंपाकघरात आई खलबत्त्यात शेंगदाणे कुटत होती, तो आवाज आठवतो. मी 'नाही' दाबलं. मग बंद करायला गेले, तर चौकट पुढे आलीच. टिंब दिलं असतं तरी चालत होतं. मी नीट अक्षरं लावून लिहिलं, देखभाल. वाचणाऱ्याला पटेल असं कारण होतं ते, बापाच्या वळणाचं. मग साधी, घरगुती सिस्टीम टाकली.

संध्याकाळी जेवून अण्णा नेहमीप्रमाणे बसले. मशीन चालू होताना वाजलं, तसे ते दचकले. मी म्हणाले, परीक्षा झाली, आता सर्व्हरची लागत नाही, साधी टाकली. त्यांनी बस्तीचं एक पत्र केलं आणि बंद करायचं बटण दाबलं. पडदा सरळ काळा झाला. अण्णांचं बोट कीबोर्डवर उचललेलं तसंच राहिलं.

"हे इचारत न्हाय आता?"

"नाही अण्णा. साध्याला कारण लागत नाही."

त्यांनी काळ्या पडद्याकडे बोट केलं. "मग आदी लिव्हलेलं?"

"ते तेव्हाच जात होतं की. चौकट मिटली की गेलं, म्हणाले नव्हते?"

"म्हंजे कुणीच वाचलं न्हाय."

"नाही," मी म्हणाले.

अण्णांनी मान हलवली. खुर्चीच्या हातावर भार देत उठले आणि खुर्ची आत सरकवून ठेवली. त्यानंतर ते सहा वर्षं जगले. कॉम्प्युटर चालू राहिलेला दिसला की मला हाक मारत, "पद्मा, बंद कर गं ते." स्वतः त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही.